घरसुरक्षा यंत्रणा, स्वतः बसवण्याच्या : लोंढा परिसरातील निवड

तंत्रज्ञाला न बोलावता, तारांसाठी भिंती न फोडता घरमालकाने स्वतःच बसवलेला चोरीप्रतिबंधक साधनांचा संच. दार-खिडक्यांचे चुंबकी सेन्सर, हालचाल टिपणारे सेन्सर, सायरन, वायफायवर किंवा सिमकार्डावर चालणारे कॅमेरे, मदतीचे बटण आणि हे सारे जोडणारा मुख्य डबा हे त्याचे नेहमीचे घटक. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील लोंढा व भोवतालच्या वाड्यांमधील घरांसाठी यांतून काय निवडावे, एवढ्यापुरती ही नोंद आहे. शहरातल्या सदनिकेसाठी दिलेले सल्ले येथे बरेचदा लागू पडत नाहीत. येथला पाऊस, जंगल, रेल्वे आणि पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली माणसे ही त्याची कारणे.

पूर्वपीठिका : दार उघडताच विजेची घंटा वाजावी ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत ऑगस्टस पोप याला १८५३ मध्ये अशा घंटेचे पेटंट मिळाले. एडविन होम्सने ते विकत घेऊन त्याचा धंदा उभारला. कॅमेरा, पडदा आणि दुरून उघडता येणारे दार यांची घरासाठी सांगड घातली ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने. घरी एकटे असताना पोलीस वेळेवर पोचत नाहीत ही तिची अडचण होती. तिने व तिच्या पतीने १९६६ मध्ये अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना पेटंट मिळाले. पोलीस पोचायला लागणारा वेळ हा प्रश्न असा या साधनांना जन्मापासूनच चिकटलेला आहे.

चिकटपट्टीने लावायचे बिनतारी संच पुढे सिम्प्लिसेफसारख्या (स्थापना २००६) अमेरिकी कंपन्यांनी भाडेकरूंसाठी आणले. तेथे महिन्याची वर्गणी भरली की नियंत्रण कक्षातला माणूस इशारा पडताळून पोलिसांना कळवतो. भारतात तसे संच आले, नियंत्रण कक्ष मात्र मोठी शहरे, बँका आणि एटीएम यांच्यापलीकडे फारसा गेला नाही. निवडीतला निम्मा घोळ येथेच होतो. खोक्यावर छापलेली सोय त्या व्यवस्थेची असते. घरी येतो तो नुसता सेन्सर.

या भागात राखण ही पूर्वी एकट्या घराची बाब नव्हती. मुंबई इलाख्याच्या काळात बेळगाव-धारवाडकडील गावांत शेतसनदी नावाचे गावनोकर जमिनीच्या मोबदल्यात पहाऱ्याचे आणि सरकारी निरोपाचे काम करीत. घराला आतून अडसर, बाहेरून कडी-कोयंडा आणि परड्यात कुत्रा असे. गोदरेजने १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनवायला घेतल्यावर कारखान्यातले कुलूप हळूहळू घरोघर आले, तरी कोयंडा बहुधा जुनाच राहिला. आजही घरफोडीत कुलूप फोडण्यापेक्षा पहारीने कोयंडा उचकटणे सोपे जाते. त्यामुळे कोणताही सेन्सर घेण्याआधी मागच्या दाराचा कोयंडा आरपार बोल्टने आवळून घ्यावा. हा खर्च सर्वांत कमी आणि उपयोग सर्वांत जास्त. पण त्यात मिरवण्यासारखे काही नसल्यामुळे तो सहसा शेवटी होतो.

परिसर : लोंढा हे दक्षिण पश्चिम रेल्वेचे जंक्शन. बेळगाव-मिरजेचा, धारवाड-हुबळीचा आणि कॅसल रॉकवरून घाट उतरून गोव्याला जाणारा असे तीन मार्ग येथे मिळतात. रात्री-अपरात्री गाडी बदलणारी माणसे गावातून ये-जा करतात. अनोळखी चेहरा ही येथे रोजची गोष्ट आहे. स्टेशनच्या वाटेवरच्या घराने रस्त्याकडे रोखलेला कॅमेरा हालचालीवर इशारा देण्यासाठी लावला, तर रात्रभर फोन वाजत राहतो आणि आठवड्याभरात मालक इशारेच बंद करून टाकतो.

घरे तीन तऱ्हेची : रेल्वेची निवासस्थाने, बाजारातली स्लॅबची घरे आणि वाड्यांमधली जांभ्याच्या भिंतींची कौलारू घरे. खानापूर तालुका कौलांसाठी नावाजलेला आहे, आणि यंत्रणा निवडताना कौलाकडे आधी पाहावे लागते. स्लॅबच्या घरात शिरायला दार किंवा खिडकीच हवी, म्हणून तेथे चुंबकी सेन्सर कामाचा. त्याचे दोन तुकडे असतात, एक चौकटीवर आणि एक दारावर. दार उघडून ते लांब गेले की इशारा जातो. कौलारू घरात चार कौले सारून माणूस थेट माजघरात उतरू शकतो, मग दारे कितीही सेन्सरनी सजवलेली असोत. तेथे माजघरात, जिथून कुठल्याही खोलीत जायचे तर पाऊल टाकावेच लागते अशा जागी, हालचालीचा एक सेन्सर बसवणे हे सहा दारांच्या सहा चुंबकांपेक्षा बरे.

इशारा कोणाला : प्रस्तुत नोंदकाराच्या मते निवडीचा पहिला प्रश्न किमतीचा किंवा कंपनीचा नाही, इशारा वाजल्यावर दारात येणार कोण, हा आहे. येथली बरीच तरुण मंडळी गोव्यात, बेळगावात, पुण्यात कामाला असतात. पुण्याहून मुलाने मोबाईलवर चोराचा चेहरा स्वच्छ पाहिला तरी तो त्या रात्री लोंढ्याला पोचत नाही. खानापूरचे पोलीस ठाणे सुमारे पंचवीस किलोमीटरवर, मध्ये जंगलाचा रस्ता. कर्नाटकात आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२ आहे आणि तो फिरवायलाच हवा, पण गाडी येईपर्यंतचा वेळ शेजाऱ्यानेच भरून काढायचा असतो.

म्हणून बंद घरासाठी पहिली खरेदी बाहेर ऐकू जाणाऱ्या सायरनची असावी. तो पडवीच्या वाशावर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर लावावा आणि एकदा दिवसा वाजवून आळीला ऐकवावा. आवाज कशाचा हेच माहीत नसेल तर लोक कूस बदलून झोपतात. फोनवरच्या इशाऱ्यात पहिला क्रमांक शेजारच्या काकांचा आणि दुसरा गल्लीतल्या दुकानदाराचा घालावा, मुलाचा तिसरा. एक किल्ली शेजारी ठेवणे ओघानेच आले.

घरात आई-वडीलच राहत असतील तर हिशेब उलटा होतो. दिवसभर दार उघडे, माणसांची ये-जा, त्यामुळे दाराचा सेन्सर दिवसा निरुपयोगी. त्यांना गळ्यात किंवा उशाशी ठेवायचे मदतीचे बटण आणि त्यावर वाजणारा सायरन द्यावा. ॲप उघडा, पासवर्ड टाका, मग ‘आर्म’ करा, ही तऱ्हा सत्तरीच्या माणसाकडून रोज होत नाही. भिंतीवरचा साधा चालू-बंद किंवा किल्लीला अडकवलेला रिमोट असलेला संचच टिकतो. बटण चोरापेक्षा न्हाणीघरात पाय घसरल्यावर जास्त कामाला येते, हे विक्रेता सांगत नाही.

वीज आणि नेटवर्क : वळिवाच्या विजांनी आणि जून-जुलैच्या वाऱ्याने झाड तारांवर पडले की लाइट जाते, कधी तासाभरासाठी, कधी रात्रभर. वायफाय कॅमेरा तेव्हा दोनदा मरतो : आधी स्वतःची वीज जाते आणि कॅमेऱ्याला बॅटरी असली तरी राउटर बंद पडतो. त्यामुळे राउटरसाठी छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टरची जोडणी हा यंत्रणेचाच भाग धरावा. बॅटरीवरच्या सायरनला आणि सेन्सरना ही अडचण सहसा नाही. अनेक संचांत ते आपापसात रेडिओलहरींनी बोलतात, त्यामुळे इंटरनेट नसले तरी सायरन वाजतो. इंटरनेटविना सायरन वाजतो का, हे खरेदी करतानाच विचारावे. काही संचांत सारा विचार कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर होतो, आणि लाइन गेली की माजघरातला सेन्सर मुका होतो.

घरी ब्रॉडबँड नसेल तर सिमकार्डाचा कॅमेरा सुचवला जातो. त्याचे गणित आधी करावे. सेकंदाला १ मेगाबिट या माफक वेगाने अखंड चित्रण केले तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी होते. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर ते सव्वातीन तासांच्या थोडे पुढे संपते. म्हणजे अखंड चित्रण मेमरी कार्डावर (१२८ जीबीच्या कार्डात या वेगाने अकरा-बारा दिवस मावतात) आणि नेटवर फक्त इशारा व गरजेपुरते पाहणे, हीच विभागणी परवडते. फोन लावणारे स्वस्त अलार्म डबे अनेकदा फक्त टूजीवर चालतात. जिओचे जाळे टूजी नाही, त्यामुळे त्याचे सिम अशा डब्यात चालत नाही. दुसऱ्या कंपनीचे लागते. कोणत्या कंपनीचे घ्यायचे ते दुकानात न ठरवता, डबा जिथे बसणार त्याच कोपऱ्यात मोबाईल धरून ठरवावे. जांभ्याची जाड भिंत अंगणात दिसणाऱ्या नेटवर्कच्या रेघा माजघरात पुसून टाकते. वायफायचेही तेच : २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ च्या मानाने भिंतीपलीकडे बरा पोचतो आणि बहुतेक स्वस्त कॅमेरे तोच वापरतात. राउटरवर दोन्ही पट्टे एका नावाखाली असतील तर कॅमेरा कधीकधी जोडलाच जात नाही. तो बिघडलेला समजून परत करण्याआधी पट्टे वेगळे करून पाहावे.

सौर कॅमेरा जाहिरातीत सुटसुटीत दिसतो. लोंढ्यात जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले, आणि गणेशचतुर्थीला घर भरेपर्यंत बंद घरांचा मोठा काळ तोच. पावसाळ्यात बॅटरी विजेवर भरून घेण्याची सोय नसेल तर तो घेऊ नये.

खोटे इशारे : हालचालीचा सेन्सर उष्णतेचा बदल ओळखतो, माणूस ओळखत नाही. मांजर, उंबऱ्यापाशी झोपलेला कुत्रा, दुपारी तापलेले पत्रे यांनीही तो जागा होतो. परड्यात लावला तर वानरे आणि रानडुकरे, जंगलाकडेच्या वाडीत गवा किंवा अस्वलही. (अस्वल आल्याचा इशारा खोटा म्हणावा का, हा प्रश्न वाडीपुरता खुला ठेवावा.) हा सेन्सर घराच्या आतच ठेवावा, बाहेर नको. खिडकीच्या गजाला लावायचा कंपनाचा सेन्सर रुळालगतच्या घरात मालगाडी गेली की वाजतो. त्याची संवेदना कमी करता येत नसेल तर तेथे तो घेऊच नये.

कॅमेऱ्याचे शत्रू वेगळे. रात्रीच्या अवरक्त दिव्याच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि भिंगासमोरचे जाळे वाऱ्याने हलले की ‘हालचाल’ नोंदली जाते. पावसाचे थेंबही त्या उजेडात पांढऱ्या रेघा होऊन चमकतात. वळचणीखाली, भिंगापासून दिवा वेगळा असेल असा कॅमेरा घेतला तर त्रास कमी होतो. बाहेरच्या साधनावर आयपी ६५ किंवा वरचा दर्जा पाहावा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. मात्र आयपी दर्जा कॅमेऱ्याच्या अंगाचा असतो, बाहेर लोंबणाऱ्या वायरच्या जोडाचा नव्हे, आणि पाणी शिरते ते जोडातून. जोड डब्यात घालून तोंड खाली ठेवावे. अंगणातून ओढलेली लांब तार विजेच्या कडकडाटात राउटरसकट जळू शकते. अर्थिंग नसलेल्या घरात बिनतारी साधनच बरे.

विश्वासार्हता व कायदा : २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातलाच पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली. घरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलणे ही त्यामुळे औपचारिकता नाही. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली असून ती ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. बाजारातल्या जुन्या मालाची ती चाचणी झालेली असेलच असे नाही, म्हणून खोक्यावरचा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहावा आणि बिल घ्यावे.

वैयक्तिक व घरगुती कारणासाठी व्यक्तीने हाताळलेल्या माहितीला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा लागू नाही. म्हणून कॅमेरा कुठेही रोखता येतो असे नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये ठरवले. त्यातले मूळ याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, एकाच वास्तूत राहणाऱ्या भावांच्या वादात, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय निवासी भागात कॅमेरे चालवण्यास मनाई केली. वाटण्या झालेल्या, पण अंगण आणि विहीर सामाईक राहिलेल्या घरांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भावकीच्या दाराकडे किंवा विहिरीकडे कॅमेरा रोखायचा तर आधी विचारावे. नाहीतर चोराच्या आधी भाऊबंदच ठाण्यात भेटतात.

चोरी झालीच तर चित्रण पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. अधिनियम १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असून पहिला साधन ज्याच्या ताब्यात त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. कार्ड भरले की कॅमेरा जुने चित्रण पुसत जातो. म्हणून घटना कळताच कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवावे. व्हॉट्सॲपवर गटात फिरवलेल्या क्लिपमध्ये चित्र दाबले जाते आणि ती मूळ फाईल राहत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळही वीज गेल्यावर मागे पडते किंवा मूळ तारखेवर जाते. पोलिसांना कार्ड देताना पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून द्यावा.