लाडाचा घास

कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापला की आपण त्याला आजचे खूळ म्हणतो. पण साताऱ्याच्या शाहू महाराजांचा (१६८२–१७४९) लाडका खंड्या आठवा. त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले, असे सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात, रोहण्याकडे, पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकतात, जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी चारतात. याला मी अतिरेक म्हणणार नाही. हे उपकार फेडणे आहे. मात्र पुरण जास्त झाले, तर बैलाच्या पोटात आम्ल वाढून जिवावर बेतते. कुत्र्याला चॉकलेटही विषच. तिथे लाड जनावराचे राहत नाहीत, आपल्या हौसेचे होतात. मानाचा एक घास द्यावा. पोट मात्र चाऱ्यानेच भरावे.