पूर, जाब आणि नागरिक

सुरतेला तापीचे पूर नवे नाहीत. १९६८ च्या महापुराच्या आठवणी आमच्या जुन्या घरांतून पुढील पिढीपर्यंत पोहोचल्या. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि नदी आता बांधली गेली, असा विश्वास शहरात रुजला.

१९९४ मध्ये पुरापाठोपाठ प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी स्वच्छतेची शिस्त लावली. ती सुधारणा मोलाची होती. मात्र ती वरून आलेली होती. नागरिकाने त्यात आज्ञा पाळायची होती.

ऑगस्ट २००६ मध्ये, ऐन नारळी पौर्णिमेच्या सुमारास, उकाईतून नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. शहरातील पात्राची क्षमता याच्या निम्म्याहूनही कमी. बहुतेक शहर पाण्याखाली गेले. या वेळी मात्र लोकांनी केवळ मदतीची पाकिटे घेतली नाहीत. धरण आधीच टप्प्याटप्प्याने का रिकामे केले नाही, असा जाब विचारला. नागरिकांच्या समितीने स्वतंत्र चौकशी करून धरणाच्या व्यवस्थापनावर ठपका ठेवला. पूरग्रस्त हा याचक नसून हिशेब मागणारा नागरिक आहे, ही जाणीव आम्हांस त्या पुराची खरी मिळकत वाटते.

ही जाणीव सर्वांपर्यंत सारखी पोहोचली नाही. नदीकाठच्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांना पुढे कोसाडला पक्की घरे मिळाली; पण कामधंदा दूर राहिला. पुरापासून सुटका होणे निराळे आणि आपण कुठे राहावे हे ठरवण्यात वाटा असणे निराळे.

नंतरच्या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने पूर्वसूचनेची यंत्रणा उभी राहिली. तिचा उपयोग मात्र सूचनेचा अर्थ कळणाऱ्या मोहल्ल्यालाच. येथे आम्हां मराठी कुटुंबांवर विशेष जबाबदारी येते. तापीच्या खोऱ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी पुढे उकाईतच येते. खानदेशाशी नाते आणि गुजरातीशी परिचय, दोन्ही आमच्यापाशी आहेत. क्युसेक म्हणजे काय, उकाईची ३४५ फुटांची पातळी म्हणजे काय, हे लिंबायत-उधन्याच्या घराघरांत समजावून सांगणे आम्हांस सहज शक्य आहे. ज्याला पाण्याचा आकडा वाचता येतो, त्यालाच वेळेवर घर सोडता येते, आणि पाणी ओसरल्यावर जाबही विचारता येतो.