ख्रिस्ती जीवनातील सिद्धांत व शील

शुद्ध सिद्धांत म्हणजे मंडळीची मान्य शिकवण आणि शील म्हणजे तिची आचरणातील परिणती. या दोहोंचा संबंध महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात जितका कसोटीस लागला, तितका अन्यत्र क्वचितच लागला असेल. ख्रिस्ती झालेले पंडित नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने बरेचसे संशय फिटून १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने त्रैक्यादी विषयांवर आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी घातलेला निकराचा वाद पत्ररूपाने उपलब्ध आहे. रमाबाईंची श्रद्धा उसनी नव्हती. त्यांनी मुलींसाठी काढलेल्या आणि १८९० साली मुंबईहून पुण्यास हलविलेल्या शारदा सदन या संस्थेत ब्राह्मण मुलींचे सोवळेओवळे सांभाळले जाई. पण बाई स्वतःची प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत आणि मुली आत येऊन बसत. यावरून वादंग माजून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी संबंध सोडला. (उघड्या दाराचा परिणाम बाईंना ठाऊक नसेल, असे मानणे कठीण.) बाईंच्या शीलाची खरी साक्ष पुण्याजवळच्या केडगावी पटली: १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो निराश्रित मुलींचा त्यांनी सांभाळ केला आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलच्या मराठी भाषांतराचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले.