मुलांच्या मनाचें बळ आणि संत जॉन बॉस्को यांची शाळा

आपल्याकडे देवळाच्या शेजारीं शाळा असावयाचीच. म्हणून देवळाचा ज्युबिली साजरा करतांना त्या शाळेचीही आठवण होणें योग्य आहे. शाळा मुलाला अक्षरें शिकविते, अंक शिकविते. परंतु परीक्षेंत अपयश आलें, घरांत आजार शिरला, हातचें काम गेलें, तर पुन्हां उठून उभें राहण्याचें बळ त्याला कोण देतो? कोणी म्हणतात, छडीनें मूल कणखर होतें. कोणी म्हणतात, त्याला दुःखाचा वाराही लागूं देऊं नये. या वादाचें उत्तर आम्ही इटलींतील ट्युरिन शहराच्या इतिहासांत शोधणार आहों.

संत जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं बेक्की या खेड्यांत झाला. दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच त्यांचें पितृछत्र हरपलें. आई मार्गेरिता निरक्षर, पण श्रद्धाळू व खंबीर होती. शिकण्याच्या हट्टापायीं सावत्र भावाशीं पटेना, म्हणून लहानग्या जॉनला दुसऱ्याच्या शेतावर चाकरी करावी लागली. पुढें कालोस्सो नांवाच्या वृद्ध धर्मगुरूंनीं त्यांस जवळ केलें व लॅटिन शिकविलें. परंतु १८३० सालीं तेही वारले. आधार मिळणें म्हणजे काय आणि तो तुटणें म्हणजे काय, हें दोन्ही त्यांनीं कोवळ्या वयांतच अनुभवलें.

५ जून १८४१ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या काळीं ट्युरिन शहर वाढत होतें. खेड्यापाड्यांतून आलेलीं पोरकीं मुलें गवंड्यांच्या हाताखालीं राबत, रस्त्यावर भटकत, आणि त्यांतलीं कित्येक तुरुंगांत जात. डॉन बॉस्को तुरुंगांत भेटीस जाऊं लागले, तेव्हां त्यांस दिसून आलें कीं, शिक्षा भोगून सुटलेलीं मुलें पुन्हां तेथेंच परत येतात. कारण बाहेर त्यांची विचारपूस करणारें कोणी नसतें. तुरुंगानें हीं मुलें कणखर होत नव्हतीं, निबर होत होतीं.

त्याच वर्षीं ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, एका देवळाच्या सॅक्रिस्तींत बार्थोलोम्यू गारेल्ली नांवाचा अनाथ मुलगा शिरला. मिस्सेची सेवा येत नाहीं म्हणून सॅक्रिस्तननें त्याला मारून हांकललें. डॉन बॉस्कोंनीं त्याला परत बोलाविलें. चरित्रकार सांगतात कीं, वाचतां येतें काय, लिहितां येतें काय, गातां येतें काय, या सर्व प्रश्नांस नकारच आला. मग त्यांनीं विचारलें, शीळ घालतां येते काय? मुलगा हंसला. ज्याला कांहींच येत नाहीं असें जगानें ठरविलें होतें, त्याला येणारी एक गोष्ट गुरूनें शोधून काढली. तेथूनच त्याचें धर्मशिक्षण सुरू झालें.

१८४६ सालीं पुनरुत्थानाच्या सणाला वाल्डोक्को येथील एक बसकी पडवी मिळाली व डॉन बॉस्कोंच्या या मुलांना हक्काची जागा झाली. त्याच वर्षीं माता मार्गेरिता तेथें आल्या आणि त्या सर्व पोरांच्या आई झाल्या. डॉन बॉस्को मुलांना कामावर लावीत, पण वाऱ्यावर सोडीत नसत. त्यांची सही असलेल्या १८५२ सालच्या एका करारपत्रांत, सुतारानें उमेदवार मुलाला शब्दांनींच सुधारावें, मारूं नये, असें कलम आहे. आणि मुलानें मन लावून काम करावें, हेंही त्याच कागदावर लिहिलें आहे.

या शिक्षणाची खरी परीक्षा १८५४ च्या उन्हाळ्यांत झाली. ट्युरिनमध्यें पटकीची सांथ पसरली. वाल्डोक्कोच्या आसपासच्या गरीब वस्तींत माणसें पटापट मरूं लागलीं. डॉन बॉस्को स्वतः रोग्यांकडे जात होतेच. त्यांनीं मुलांस विचारलें, माझ्याबरोबर कोण येतो? प्रथम १४ मुलें पुढें आलीं, मग आणखी ३०. रोग्याला हात लावल्यावर व्हिनेगरनें हात धुवावे, हें त्यांनीं मुलांस नीट शिकविलें. पापापासून दूर राहावें व पवित्र मातेवर भरंवसा ठेवावा, हेंही सांगितलें. माता मार्गेरितांनीं घरांतल्या चादरी, कापडें रोग्यांसाठीं दिलीं. कालपर्यंत जीं मुलें दुसऱ्याच्या दयेवर जगत होतीं, तीं मरणाऱ्यांच्या उशाशीं बसलीं. आणि त्यांतील एकही मूल त्या सांथींत दगावलें नाहीं.

१८७७ सालीं डॉन बॉस्कोंनीं आपली पद्धति थोडक्यांत लिहून ठेविली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. नियम मुलांस आधींच समजावून द्यावे, आणि गुरुजनांनीं वर्गांत, मैदानांत, प्रार्थनेंत त्यांच्याबरोबर असावें, म्हणजे मूल पडण्याआधींच हात पुढें होतो. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते प्रभूकडे गेले. १९०६ सालीं त्यांचे सालेशियन पुत्र तंजावर येथें आले आणि पुढें मुंबईसही पोंचले. १९३४ सालीं पवित्र सभेनें त्यांना संतपद दिलें.

आमच्या शिक्षकबंधुभगिनींनो, आईबापांनो, या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. छडीच्या धाकानें मन खंबीर होत नाहीं, आणि सावलींत कोंडून ठेविल्यानेंही होत नाहीं. मुलाला जें येतें तें आधीं शोधावें. त्याच्या शक्तीला पेलेल असें खरें काम त्याच्यावर सोंपवावें. आणि तें काम होईतों त्याच्या जवळ उभें राहावें. नापास झालेल्या मुलाला घरीं जाण्याची भीति वाटते, त्या संध्याकाळीं ज्या शिक्षकाची पावलें त्याच्या दारीं वळतात, तो शिक्षक डॉन बॉस्कोंचेंच कार्य करीत असतो. आपल्या शाळेला असे गुरुजन प्रभु सदैव देवो, हीच या ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं आमची प्रार्थना.