माळवद: पांढऱ्या मातीच्या छपराची कुळकथा

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा (चिरलेल्या लाकडाच्या बारीक काठ्या), त्यांवर लिंबाचा किंवा पळसाचा पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची मांडणी असते. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या जुन्या गावांत दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर माळवद हीच घर बांधण्याची रूढ रीत होती. अशा घराला धाब्याचे घर असेही म्हणतात. शेजारच्या बीदर-कलबुर्गीकडे हेच छप्पर माळिगे म्हणून ओळखले जाते, तर तेलंगण-रायलसीमेत मिद्दे म्हणून. भाषा बदलते, पण पठार एकच आहे आणि पाऊस बेताचा आहे, म्हणून छप्परही तेच राहते.

या छपराचे क्षेत्र पावसानेच ठरवले. लातूरला वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही सरींनी. मधल्या उघडिपीत माती वाळायला वेळ मिळतो. नांदेडच्या उत्तरेला किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात पाऊस वाढतो, सागाचे जंगल लागते आणि घरांवर उतरते छप्पर येते. भिंतीचा दगडही भूमीप्रमाणे बदलतो. बहुतेक भागात काळा बेसाल्ट, तर देगलूर-बिलोलीकडे दख्खनच्या लाव्हाची सीमा संपते तिथे ग्रॅनाइट. औशाजवळच्या खरोशाच्या टेकडीवर जांभा आहे. तिथे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास लेणी कोरली गेली. भूमीच्या पोटात आसरा घेण्याची या भागातली ती ठळक खूण असली, तरी गावकऱ्याने राहण्यासाठी टेकडी कोरली नाही. त्याने मातीच डोक्यावर घेतली.

महाराष्ट्रात मातीच्या घराचा सविस्तर पुरावा मिळतो तो घोड नदीकाठच्या इनामगावात. पुणे जिल्ह्यातल्या या ठिकाणी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेल्या या वस्तीत ठेंगण्या मातीच्या भिंती, वर कुडाचे काम आणि गवताचे छप्पर होते. धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली आणि चुन्याने लिंपलेली पेवेही तिथे सापडली. इ.स.पू. १००० नंतर हवामान कोरडे झाले, शेती आटली आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. दख्खनच्या पठारावर घराचा आकार पाण्याच्या उपलब्धतेबरोबर कसा बदलतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. पुढे सातवाहनकाळात तेरसारख्या भरभराटीच्या नगरांत भाजलेल्या विटा आल्या, तर इतर काही नगरांत खिळ्यासाठी भोके पाडलेली कौलेही वापरात होती. तेर, म्हणजे जुने तगर, आज धाराशिव जिल्ह्यात आहे. नगरे ओसरली तशी भट्टीची वीट आणि कौलही दिसेनासे झाले. खेड्याने आपले छप्पर आपल्याच जमिनीतून उभे केले.

ती जमीन म्हणजे पांढरी. मराठी गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षे एकाच ठिकाणी माणसे आणि जनावरे राहिली की चुलीची राख, शेण, गोमूत्र, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती साचत जाते आणि जागा उंच होते. टेकाड बनते, त्याचा रंग पांढुरका होतो. पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्ती शोधताना हीच टेकाडे पाहतात. तेरच्या पांढरीत गावकऱ्यांच्या कुदळीखाली नाणी, मणी आणि भाजक्या मातीच्या मूर्ती निघत. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते सारे जिवापाड जमवले, म्हणूनच आज तेरला त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. माळवदावर चढणारी माती म्हणजे आधीच्या पिढ्यांच्या घरांचा अवशेष असतो.

छपरासाठी हीच माती निवडण्यामागे पक्के कारण आहे. शेतातली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. छपरावर ती घातली तर पहिल्याच वळवाने घर गळेल. पांढरीत क्षार असतात. क्षारामुळे, विशेषतः सोडियममुळे, मातीतले चिकणकण ओले होताच सुटे होऊन बारीक छिद्रांत बसतात आणि वरचा पापुद्रा पाणी आत जाऊ देत नाही. शेतात ज्या गुणामुळे चोपण जमीन नापीक ठरते, तोच गुण छपरावर उपयोगी पडतो. ज्यांनी ही माती निवडली, त्यांनी तिची परीक्षा पावसाळ्यामागून पावसाळे केली असणार.

घर मोजण्याचे माप खण हे होते. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती खणांचे, यावरून घराण्याची ऐपत कळे. खांब-तुळयांचा सांगाडा सुतार उभा करी, भिंतीचा दगड वडार फोडी आणि मोबदला बहुधा धान्यात मिळे. लाकूड बाभळीचे किंवा लिंबाचे असे, सधन घरी किनवटकडचे सागवान. दारातून आत गेल्यावर ढाळज, पुढे चौक, चौकाभोवती सोपा आणि आत माजघर. जनावरे बहुतेक घरांत याच आवारात बांधत. लातूरकडची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी ही गुरे शेतीला बैल देत, चुलीला गोवऱ्या देत आणि भिंतीच्या गिलाव्याला शेण देत. त्यांचा कडबा ज्वारीच्या शेतातून येई. तुरीच्या तुराट्यांचे कूड होत, अंबाडीचे दोर वळले जात. मीठ, लोखंड आणि थोडे कापड सोडले तर बाजारावाचून भागे. या स्वयंपूर्णतेचा भार बायकांच्या श्रमांवर फार होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सारवण, गोवऱ्या, पाणी, दळण यांना सुट्टी नसे.

भिंतींना खिडक्या नसत किंवा अगदी लहान असत. उजेड वरून येई, माळवदात ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून. चुलीचा धूरही त्याच वाटेने बाहेर पडे. पावसात त्यावर फरशी किंवा पालथे मडके ठेवत. मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, पण एवढ्या जाड मातीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरची माणसे गच्चीसारख्या त्या माळवदावर अंथरुणे घेऊन गेलेली असतात. दिवसा तिथे ज्वारी, मिरची, शेवया, कुरडया वाळत. बळदाचे तोंडही बहुधा तिथेच असे. बळद म्हणजे भिंतीलगत बांधलेली धान्याची बंद कोठी. वरून पोती ओतायची आणि लागेल तसे धान्य खालच्या बारीक तोंडातून काढायचे. भुईतले पेव हा त्याचा जुना भाऊबंद. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाऊ द्यावी लागे, कारण घाईने आत उतरलेल्या माणसाचा जीव गेल्याचे प्रसंग घडत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे विसाव्या शतकातही चालू होती.

माळवद एकदा बांधून संपत नाही. दरवर्षी मिरगाच्या आधी उगवलेले गवत खुरपून काढायचे, नवी पांढरी पसरायची, चोपायची, ढाळ पन्हाळीकडे आहे ना ते पाहायचे आणि पहिला पाऊस पडल्यावर भेगा पुन्हा दाबायच्या. जुना थर खरवडून काढला नाही, तर दरवर्षीच्या भरीने छप्पर जाड होत जाते. खरवडणे हे कष्टाचे काम, भर घालणे सोपे. काही पिढ्यांत थर दीड-दोन फुटांवर गेला. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीवर अर्धा मीटर कोरडी माती म्हणजे जवळजवळ नऊ टन ओझे. जुन्या सांगाड्याला ते पेलवत होते, पण फक्त सरळ खाली येणारे.

याच मातीने गढ्याही उभ्या राहिल्या. देशमुख, पाटील, देशपांडे यांच्या या वाड्यांचे तट पांढऱ्या मातीचे, तळाशी दगडाचे आणि कोपऱ्यांवर बुरूज असत. लुटारूंच्या आणि पेंढाऱ्यांच्या काळात गावातली माणसे आणि धान्य तिथे सुरक्षित राहत. निजामी राजवटीच्या शेवटापर्यंत गढी हेच गावातल्या सत्तेचे ठिकाण होते.

माळवदावरच्या ओझ्याची परीक्षा भूकंपाने घेतली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. सुमारे ६.२ परिमाणाच्या त्या धक्क्याने लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे गेली. सास्तूर, मंगरूळ, तळणी यांसारखी गावे दगडांचे ढीग झाली. हा प्रदेश त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो तिसऱ्या पट्ट्यात आणला गेला.

मातीमुळे माणसे मेली, असे त्या काळी सर्रास बोलले गेले. पाहणीने निराळे चित्र दाखवले. भिंतीचा बाहेरचा आणि आतला थर वेगवेगळा रचलेला होता, मध्ये दगडगोट्यांची भर होती आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नव्हता. हादऱ्याने थर फुटून वेगळे झाले आणि आत-बाहेर कोसळले. पाठोपाठ पिढ्यांची साठलेली माती खाली आली. कित्येक ठिकाणी भिंती गेल्या, पण खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला.  घात केला तो सुट्या भिंतीने आणि न खरवडलेल्या थरांनी.

पुढचे काम दोन दिशांनी झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे रुंद, सरळ रस्ते आणि सिमेंटची सुटी घरे आली. ती उन्हाळ्यात तापतात, आणि जनावरे, कडबा, बळद यांना त्यांत जागा ठेवलेली नव्हती, म्हणून लोकांनी पत्र्याच्या पडव्या जोडल्या. दगडाच्या भीतीने इतर गावांतही पत्रा आला. भीती खरी होती, पण उपाय महाग पडला. ज्या गावांत घरे दुरुस्त करायची होती, तिथे मात्र जुन्या रीतीतच सुधारणा केली गेली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रयत्नाने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या आणि दुरुस्तीची माहिती घरोघर पोचवू लागल्या. छपरावरची माती वीतभर उरेपर्यंत उतरवायची, तिच्याखाली प्लास्टिकचा कागद घालायचा, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरके आधार द्यायचे आणि भिंतीत आरपार दगड बसवायचे, हे त्या दुरुस्तीचे मुख्य भाग. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीचे भारतीय मानक आयएस १३८२८ हे १९९३ चेच. त्यात उंचीत दर ६० सेंटिमीटरवर आणि आडवे १.२ मीटरच्या आत आरपार दगड घालण्याचा नियम आहे. मातीच्या इमारतींसाठी आयएस १३८२७ आहे. या मानकांप्रमाणे माळवद आजही बांधता येते. पातळ झालेला थर उष्णता थोडी कमी अडवतो, पण पत्र्यापेक्षा घर कितीतरी थंड ठेवतो.

अडचण माती चोपणाऱ्या हातांची आहे. शेतमजुरीचे दर वाढले, एकत्र घरे फुटली, तरुण लातूर-नांदेडला किंवा पुण्याला गेले. मिरगाआधीचा आठवडा माळवदाला देणारे कोणी उरत नाही, आणि एक-दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की किलचा कुजतात. रिकाम्या वाड्यांची तुळई-दारे जुन्या लाकडाच्या बाजारात विकली जातात. ढासळत्या गढ्यांची पांढरी ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरली जाते, कारण पिढ्यांच्या राखेची आणि शेणाची ती माती पिकाला खत म्हणून चालते.