साहेबाच्या कट्ट्यांची खरी तारीख

विजयदुर्गला गेलात तर गर्दीची अपेक्षा ठेवू नका. तळेऱ्याला महामार्ग सोडायचा, देवगड तालुक्यातल्या कलमांच्या बागा आणि कातळ बघत आत जायचं. रस्ता संपतो तिथे वाघोटन खाडीचं मुख, जेटीवर चार होड्या आणि समोर तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला किल्ला. दुपारी तर गाव झोपलेलंच असतं. जवळ गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ आहे, कातळ खोदून केलेल्या वाटेने खाली उतरावं लागतं. खाडीत आंग्र्यांची गोदी आहे. एवढं निवांत बघायला एक दिवस हवा.

किल्ल्यात गेल्यावर कुणी ना कुणी तुम्हाला 'साहेबाचे कट्टे' दाखवतंच. आणि सांगतं, "१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबाने इथूनच सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लागला." दर वर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिनही साजरा होतो. पोरं येतात, भाषणं होतात, आम्ही बातम्या लावतो.

मंडळी, आता थोडं कडू बोलतो. ही गोष्ट अशी घडलेली नाही.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. पण त्या दिवशी ज्याचं निरीक्षण गाजलं तो जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता आणि तो होता आंध्रात, गुंटूरला. नॉर्मन लॉकियर तेव्हा भारतात आलाच नव्हता. त्याने आपलं निरीक्षण त्याच वर्षी २० ऑक्टोबरला केलं, ग्रहण नसताना, इंग्लंडातून. सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसत होती, ती कुठल्याच माहितीच्या मूलद्रव्याशी जुळेना. पुढे त्या अनोळखी द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर ते सापडलं १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना.

आणि आपल्या माणसाला वेगळा पुरावा कशाला हवा? ऑगस्टात कोकणात सूर्य बघायला कोण येईल हो? श्रावणातलं आभाळ काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

मग हे कट्टे आले कुठून? लॉकियर विजयदुर्गला आला होता, ही गोष्ट शंभर टक्के खरी. फक्त तो आला ३० वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने याच किल्ल्यात तळ ठोकला होता. मदतीला 'मेल्पोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी होते. दोन मिनिटांच्या आसपासचा खग्रास, त्यात कुणी काय करायचं याची आधीपासून तालीम चालली होती. थंडीचे दिवस, स्वच्छ आकाश. कट्ट्यांचा संबंध या मुक्कामाशी लावणंच सयुक्तिक आहे. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. आपल्याकडचा माणूस, जागतिक दर्जाचं काम. त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

काही जण म्हणतील, कशाला उकरून काढता? पर्यटक येतात, गावाचं नाव होतं, चाललंय ते चालू दे. माझं म्हणणं उलट आहे. जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. आता येणारा माणूस मोबाईलवर दोन मिनिटांत तारीख तपासतो. हेलियमची गोष्ट खोटी निघाली, तर आरमाराच्या खऱ्या गोष्टींवरही तो संशय घेईल. आणि आपल्या पोरांनी स्पर्धा परीक्षेत काय लिहायचं?

या किल्ल्याला खोट्या मोठेपणाची गरजच नाही. शिलाहारांपासूनचा त्याचा इतिहास सांगतात. शिवाजी महाराजांनी तो बळकट केला, आंग्र्यांनी इथून समुद्र गाजवला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच खाडीत जळालं आणि तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. एवढं अडचणीचं पान आपण वाचू शकतो, तर एक तारीख दुरुस्त करायला का घाबरायचं?

माझी सूचना साधी आहे. कार्यक्रम बंद करू नका, तो २२ जानेवारीला करा. पाऊस नसतो, शाळा चालू असतात, आकाश मोकळं असतं. किल्ल्यात दुर्बीण लावा, पोरांना गाळणीतून सूर्य दाखवा, लॉकियरबरोबर जान्सेन आणि नायगमवालांचीही गोष्ट सांगा. कट्ट्यांजवळ एक मराठी फलक लावा, खऱ्या तारखेचा.

गावातल्या जुन्या घरांत १८९८ च्या मुक्कामाची काही आठवण, कागद, फोटो असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.