भाऊसाहेब परत आले

कोसोव्होतल्या मित्रोवित्सा शहरात एक माणूस हिटलरसारखा दिसतो म्हणून पैसे कमवायचा. तशीच तोकडी मिशी, तसाच भांग, तसाच गणवेश. लोक त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि त्याला पैसे द्यायचे. हा माणूस नटबिट नाही. 1998-99 च्या युद्धात तो कोसोव्हो लिबरेशन आर्मीकडून सर्बांविरुद्ध लढलेला सैनिक आहे. त्याच्याबद्दलच्या बातम्या काही वर्षांपूर्वी जगभर फिरल्या. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच होता, हा असं का करतो? मला दुसराच प्रश्न पडला. त्याला पैसे कोण देतं आणि कशाचे?

आपल्याकडे सोंगाचे पैसे देण्याची जुनी रीत आहे. भोर-वेल्ह्याच्या गावांत सुगीनंतर बहुरूपी यायचे, अजूनही अधूनमधून येतात. खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, हातात छडी. दारात येऊन दरडावणार, तुमच्यावर वॉरंट आहे, चला चौकीवर! घरातली पोरं दोन मिनिटं खरंच घाबरतात. मग आजी पसाभर तांदूळ घेऊन बाहेर येते आणि 'साहेब' हसत झोळी पुढे करतात. या व्यवहारात कुणी फसत नाही. सोंग चांगलं वठलं याचेच ते तांदूळ.

तोतयाचं तसं नसतं. तोतयाला खरं मानावं लागतं, निदान तसं दाखवावं तरी लागतं. आज हा शब्द आपल्याला रोज बातम्यांत भेटतो. तोतया पोलीस, तोतया आयएएस अधिकारी, तोतया डॉक्टर. पण मराठीत नुसतं 'तोतया' म्हटलं की जुन्या लोकांना एकच माणूस आठवायचा. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असं सांगणारा हा माणूस. सोंग घेतलेला माणूस इथे हुकूमशहा नव्हता, सेनापती होता. पण लढाई हरलेल्या समाजात एका चेहऱ्यावर माणूस किती लांब जाऊ शकतो, हे यातून जितकं कळतं तितकं मला मित्रोवित्साच्या फोटोंवरून कळलं नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. हा तोतया 'भोर घाट' चढून आला असं इंग्रजी पुस्तकांत वाचून आमच्याकडचे काहीजण त्याला भोरला आणून बसवतात. तो घाट म्हणजे खंडाळ्याचा बोरघाट. इंग्रजांनी त्याचं 'भोर' करून ठेवलं. भोर तेव्हा पंतसचिवांचं होतं, आणि आपला कोकणात उतरायचा घाट वरंध्याचा. मात्र ज्या दरबाराला या तोतयाने घाम फोडला तो आमच्या नजरेच्या टप्प्यात होता. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहून पूर्वेकडे बघा. पुरंदर दिसतो. 1776 मध्ये मराठी राज्याचा कारभार तिथून चालत होता.

आता पानिपत. 14 जानेवारी 1761. संक्रांत 'कोसळते' आणि एखाद्याचं 'पानिपत होतं' हे आपण आयपीएलच्या मॅचबद्दलसुद्धा बोलतो, इतकी ती तारीख भाषेत मुरली आहे. विश्वासराव पडल्याचं पुष्कळांनी पाहिलं होतं. भाऊ मात्र हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवलंय की नंतर मृतदेहांच्या ढिगात एक धड सापडलं. त्याला शीर नव्हतं. अंगावरच्या जुन्या खुणांवरून ते भाऊंचं ठरवून त्यावर अग्निसंस्कार झाले.

हे झालं पानिपतावर. पेशव्यांपर्यंत काय पोचलं? फुटक्या-तुटक्या बातम्या आणि हिशेबाच्या भाषेत लिहिलेलं ते प्रसिद्ध सांकेतिक पत्र, ज्यात माणसांच्या जागी मोती, मोहरा आणि खुर्दा होता. त्यात आकडे होते, नावं नव्हती. माझ्या कामात याला 'स्टेटस अननोन' म्हणतात. सर्व्हर बंद पडलाय की फक्त उत्तर देत नाहीये हे जोवर ठरत नाही तोवर सिस्टीम त्याची जागा दुसऱ्याला देत नाही, वाट बघत बसते. मराठी मुलखातली हजारो घरं अशीच वाट बघत बसली. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये गेले. भाऊंची बायको पार्वतीबाई मोहिमेत नवऱ्याबरोबर होती. ती जिवंत परत आली, पण नवरा गेला हे तिने मानलं नाही. कुंकू पुसलं नाही.

एवढी रिकामी जागा असल्यावर ती भरायला कुणीतरी येणारच. काही वर्षांतच उत्तरेत एक माणूस पुढे आला. बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण, नाव सुखलाल किंवा सुखनिधान. चेहरामोहरा भाऊंसारखा. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून पुण्यात आणलं, चौकशी झाली, तो खोटा ठरला. त्याला मारलं मात्र नाही. निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवलं आणि शेवटी तो रत्नागिरीला पोचला.

तिथे तो दहा-बारा वर्षं कुजला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. पण बाहेरचं राज्य डळमळलं. 1773 मध्ये नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. एप्रिल 1774 मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि बारभाईंनी चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवा केलं. मार्च 1776 मध्ये इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला तेव्हा पेशवे दोन वर्षांचेही नव्हते. गादीवर तान्हं मूल, कारभार मुत्सद्द्यांच्या हातात, आणि घरातला एकमेव कर्ता पुरुष खुनाच्या आरोपाखाली परक्यांच्या आश्रयाला. अशा वेळी कुणी म्हणालं की भाऊसाहेब जिवंत आहेत, तर ऐकावंसं वाटणारच.

त्याच वर्षी रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला बाहेर काढलं आणि भाऊ म्हणून उभं केलं. परांजप्याला तो खरा वाटत होता का? मला तरी वाटत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. त्याला भाऊंचं नाव हवं होतं. बघता बघता हजारो माणसं जमली, कोकणातले बरेच किल्ले तोतयाच्या हाती गेले, आणि पावसाळा संपल्यावर तो बोरघाट चढून राजमाचीपर्यंत आला. म्हणजे पुणं जवळपास हाकेच्या अंतरावर.

त्या हजारोंमधल्या कित्येकांनी खऱ्या भाऊंना कधी पाहिलंच नव्हतं. पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्याही मनात चलबिचल झाली, ही गोष्ट मला जास्त खटकायची. ती समजायला मला इतिहासापेक्षा आमच्या घरातली एक गोष्ट उपयोगी पडली. माझ्या आजीच्या जावेचा नवरा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. मावळातून तेव्हा पुष्कळ पोरं पलटणीत जायची. तो आला नाही आणि तो गेल्याचा कागदही आला नाही. काही वर्षांनी दाढी वाढलेला एक माणूस दारात आला आणि मीच तो म्हणाला. गावाची नावं त्याला ठाऊक होती, गुरांची नव्हती. आजीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी तो सहा महिने राहिला. आजी जावेला एवढंच म्हणाली, "त्याला जेवायला वाढ, पण कणगीची किल्ली देऊ नको." मी एकदा विचारलं, हाकलून का दिलं नाही? आजी म्हणाली, "अरे, हाकललं असतं तर त्याच दिवशी तिचा नवरा मेला असता."

राजगडावर याच्या उलटी गोष्ट सांगतात. 1666 मध्ये आग्र्याहून निसटून शिवाजी महाराज गोसाव्याच्या वेशात गडावर आले, आणि आईच्या पाया पडले तेव्हा जिजाऊंनी ओळखलं नाही. मग डोक्यावरचं वस्त्र काढलं आणि ओळख पटली. तिकडे आग्र्यात पलंगावर पांघरूण घेऊन, हातातली अंगठी दिसेल असा हात बाहेर काढून हिरोजी फर्जंद झोपला होता. सोंग एका सैनिकाने घेतलं आणि धन्याचा जीव वाचला. ही गोष्ट आपल्याला आवडते, कारण तिच्यात खरा माणूस घरी येतो. पानिपतानंतर घरी यायला खरा माणूसच उरला नव्हता.

इंग्रजांनीही 1944 मध्ये हिरोजीसारखी युक्ती केली. क्लिफ्टन जेम्स नावाचा एक नट तेव्हा सैन्याच्या पगार खात्यात लेफ्टनंट होता. पहिल्या महायुद्धात लढताना त्याचं एक बोट गेलं होतं. तो जनरल मॉन्टगोमरीसारखा दिसतो म्हणून त्याला खोटं बोट लावून मॉन्टगोमरी म्हणून जिब्राल्टर आणि अल्जियर्सला फिरवलं, जर्मनांनी फसावं म्हणून. युद्ध संपल्यावर त्याला काम मिळेना. शेवटी त्याच सोंगावर त्याने पुस्तक लिहिलं, आणि 1958 च्या सिनेमात स्वतःची आणि मॉन्टगोमरीची अशा दोन्ही भूमिका केल्या. सरकारचं काम झालं तरी त्याचं पोट त्या चेहऱ्यावरच राहिलं.

आपल्या तोतयाला तेवढीही मुदत मिळाली नाही. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे त्याच्यावर चालून गेले, फौज मोडली, तो कोकणात पळाला आणि मुंबईच्या इंग्रजांकडे जाण्याच्या बेतात असताना राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याकडे रवाना केलं. पुन्हा चौकशी झाली. डिसेंबर 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली.

त्याला संपवणारी माणसं कोण होती ते बघा. महादजी पानिपतावरून जखमी पायाने परत आलेला, जन्मभर लंगडणारा. नाना फडणवीस तिथे होता तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा. कपडे टाकून, लंगोटी लावून, आपण कुणीच नाही असं भासवत तो रणातून निसटला, हे त्याने स्वतःच आत्मवृत्तात लिहिलंय. त्याची आई त्या धामधुमीत गेली. पानिपतावरून सुटून आलेला माणूस कसा दिसतो हे पुरंदरावर नानाइतकं कुणाला माहीत असणार? भाऊंबद्दलची आशा त्याच्याही मनात कधीतरी असेल. पण 1776 मध्ये त्याच्यासमोर अडीच वर्षांचं मूल होतं आणि राजमाचीपर्यंत आलेली फौज होती. भाऊ मेलेच आहेत हे दौलतीला एकदाचं ठरवून टाकणं भाग होतं, आणि ते तोतयाला मारून ठरलं.

मित्रोवित्साच्या त्या सैनिकाला पैसे देणाऱ्यांपैकी काहींना नुसती गंमत हवी असेल, बहुरूप्याला तांदूळ घालावे तशी. काहींचा शेजाऱ्यांवरचा राग अजून निवला नसेल आणि त्या मिशीशेजारी उभं राहून त्यांना बरं वाटत असेल. हे दुसरे पैसे मला जास्त भीतीदायक वाटतात. आपला तोतया रागावर जगला नाही. तो वाट बघण्यावर जगला. अशा भुकेला फौज उभी करता येते, हे परांजप्याने बरोबर ओळखलं होतं.

देहान्त शिक्षेनंतर पुण्यात तोतयाचा विषय संपला. पार्वतीबाईंचा संपला नाही. त्या 1783 मध्ये वारल्या. पानिपताला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि कपाळावर कुंकू तसंच होतं.